सरकाकाका आणि रिकामी शहरं

युरोपातली शहरं तिथल्या लोकांनी बांधली ती छानच बांधली, पण नंतर त्यांत राहायला जायला नको होतं, असं सरकाकाकांचं प्रामाणिक मत होतं. चौक हवा, पूल हवा, कारंजं हवं, चर्च तर हवंच. मधे माणसं कशाला? "माणूस आला की फोटो नासला," असं ते म्हणत. हे सुभाषित आम्हा वीस जणांना उन्हात ताटकळत ठेवून, कॅमेऱ्याच्या मागून, डोळा न काढता ऐकवलं जाई.

त्यांचं खरं नाव फक्त पासपोर्टवर होतं. समोर दिसेल त्याला ते "जरा सरका" म्हणत, म्हणून सरकाकाका. फ्लॉरेन्सला एका नवरानवरीला त्यांनी त्यांच्याच लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवरून सरकवलं होतं. बिचारी हसत सरकली. त्यांना वाटलं, हा इथला कुणी अधिकारी असावा. आमच्या ग्रुपमधली मुलं मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये वाढलेली, मराठीशी त्यांचा संबंध आजीच्या फोनपुरता. त्यांना हे काकांचं आडनावच वाटायचं. "सरकाकाका अंकल येणार आहेत का?" असं ती दरवर्षी विचारायची आणि उत्तर 'हो' आलं की मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवायची.

मी मस्कतमध्येच, अल् खुवैरला, एका इन्शुरन्स कंपनीत आहे. वर्षभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद हलवतो आणि उन्हाळ्यात स्वतःहून एक अपघात ओढवून घेतो, तो म्हणजे आमच्या मराठी मंडळींची युरोप टूर. आमच्या रसिकतेबद्दल मी काही बोलू नये. जगप्रसिद्ध राजवाड्यासमोर उभं राहून "इथे जवळ इंडियन कुठे आहे?" असं विचारणारी आम्ही माणसं. फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट घेतलं की आमचं शहर बघून होतं. अशा या घाईत काका म्हणजे घशात अडकलेलं हाड. आम्ही सगळे बसमध्ये, आणि काका चौकात ढग पुढे जाण्याची वाट बघत. "यल्ला काका, खलास करा आता," मी मस्कतच्या अरबीत ओरडायचो. "घाई असणाऱ्याने घरी बसून इंटरनेटवर बघावं," तिकडून उत्तर यायचं.

त्यांच्या वेडाचं मूळ दुक्ममध्ये होतं. दुक्म म्हणजे मस्कतपासून पाच-सहा तासांच्या रस्त्यावर समुद्राकाठी रिफायनरी, बंदर, वाळू आणि पुरुष. काका तिथे एका प्रोजेक्टवर मेकॅनिकल सुपरवायझर होते. आत फोटो काढायला सक्त मनाई. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावरसुद्धा स्टिकर लावून देत. "डोळ्यांनी पाहिलेलं चालतं, एवढी अर्बाबची कृपा," काका म्हणायचे. अर्बाब म्हणजे मालक. पंधरा दिवसांनी गुरुवारी संध्याकाळी ते मस्कतला अझैबाच्या फ्लॅटवर यायचे, शुक्रवारी झोपायचे आणि शनिवारी दुपारी परत निघायचे. उपाशी माणूस पंगतीला बसावा तसे ते युरोपात उतरत.

त्या फ्लॅटवर काकांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, राहायच्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून एकट्याच. टूरच्या आधी महिनाभर त्यांचा उत्साह बघावा. बूट घ्यायच्या, स्वेटर धुवायच्या, गूळपोळ्या करायच्या. "दहा दिवस आहेत रे हे माझे," त्या मला म्हणायच्या. आणि त्या दहा दिवसांत त्यांच्या वाट्याला यायची ती काकांची पाठ, ट्रायपॉडची पिशवी आणि "जरा सरक." बसमध्ये खिडकीसुद्धा काकांची, कारण रस्त्यातला एखादा किल्ला निसटला तर युरोपचा इतिहास अपुरा राहिला असता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही प्रागला होतो. सकाळी पुलावर काकांनी ट्रायपॉड उघडला आणि आजूबाजूच्या समस्त जगाला सरकवायला सुरुवात केली. वहिनी कठड्याला टेकून नदी बघत होत्या. नवी निळी साडी, वर स्वेटर. काका लेन्समधून बघत म्हणाले, "अगं, सरक ना. किती वेळ उभी आहेस मधे?" मी जवळच होतो. वहिनी सरकल्या. सरळ बसकडे चालू लागल्या.

माणसं मोजायची आमची एक पद्धत होती. डोकी मोजत बसायचं नाही. मी एकेका घराचं नाव घ्यायचो आणि त्या घरच्या बाईने "पूर्ण" म्हणायचं. नवरे बेभरवशाचे असतात, बायकांचा हिशेब चुकत नाही, हा माझा शोध होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी काकांचं घर आलं. मागून वहिनींचा स्वच्छ आवाज आला, "पूर्ण." बस व्हिएन्नाकडे निघाली.

तासाभराने बस पेट्रोल पंपावर थांबली तेव्हा मी मागे गेलो. वहिनी खिडकीशी पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि वेफर्स खात होत्या. शेजारची सीट रिकामी होती.

"वहिनी, काका?"

"पुलावर."

"अहो, तुम्ही 'पूर्ण' म्हणालात!"

"ते म्हणाले सरक. मी सरकले," वहिनी म्हणाल्या आणि वेफर्सची पिशवी माझ्यापुढे धरली.

काकांचा फोन वहिनींच्या पर्समध्ये. बस वळवायला ड्रायव्हर तयार नव्हता. बायका एकदम "अय्या, असं कसं?" म्हणू लागल्या, पण आवाजात काळजीपेक्षा कौतुक जास्त होतं. पुरुष मात्र एकाएकी आपापल्या बायकांना पाणी हवंय का ते विचारू लागले. "येतील," वहिनी म्हणाल्या. "रिफायनरी चालवतात, एक ट्रेन पकडता येणार नाही?"

काका आले. संध्याकाळी हॉटेलात आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा ट्रायपॉड खांद्यावर, चेहरा उतरलेला, असे ते आत आले आणि वहिनींच्या समोर बसले. इतर टेबलांवरचे चमचे आपोआप थांबले.

"तुला कळलं नाही मी नाही ते?"

"कळलं की."

"मग?"

"वर्षभर तुम्ही दुक्मला," वहिनी म्हणाल्या, अगदी शांतपणे. "मी तिथे येऊ शकत नाही. हे दहा दिवस मी वर्षभर जपते. त्यातही मी तुमच्या मधेच येते. आता पुढच्या वर्षी तुम्ही एकटे या. तुम्हालाही शहर रिकामं मिळेल."

काकांनी पुढ्यातल्या डाळीत चमचा फिरवला. "डाळ बरी आहे," ते म्हणाले. एकतीस वर्षांच्या संसारावर याहून मूर्ख वाक्य मी ऐकलेलं नाही, आणि मला त्या माणसाची इतकी दया याआधी कधी आली नव्हती.

पुढचे दोन दिवस कॅमेरा हॉटेलच्या खोलीत राहिला आणि काका आमच्याबरोबर राहिले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे, शेवटी वहिनींची पर्स धरून ते त्यांच्या बाजूने चालू लागले. आमचं वेळापत्रक पहिल्यांदाच पाळलं गेलं, त्यामुळे सगळे थोडे कंटाळले. वहिनी त्यांच्याशी फारसं बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी येणार की नाही, तेही त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीत बातमी आली, काकांनी राजीनामा दिला. मंडळात चर्चेला ऊत आला. प्रोजेक्ट अजून दोन वर्षं चालणार होता, आणि चालू नोकरी सोडून आखातातून जाणारा मराठी माणूस आमच्या पाहण्यात नव्हता. कुणी म्हणालं तब्येत, कुणी म्हणालं साहेबाशी भांडण. बायकोसाठी, असं कुणीच म्हणालं नाही. ते कुणाला सुचणं शक्यच नव्हतं.

काका-वहिनी कोकणात, गुहागरच्या घरी, कायमचे निघाले तेव्हा मी आणि बायको त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो. काउंटरवर वहिनी जास्तीच्या वजनावरून वाद घालत होत्या आणि जिंकत होत्या. मी सवयीने काकांना टोचलं, "काका, गुहागरला कसले फोटो काढणार? तिथे सरकवायला माणसं तरी आहेत का?"

ते हसले नाहीत. "व्हिएन्नाला दोन दिवस हिच्या बाजूने चाललो ना," ते म्हणाले, "तेव्हा कळलं, ही चालताना गुणगुणते. अगदी हळू. लग्नाला एकतीस वर्षं झाली रे. मला माहीत नव्हतं."

तेवढ्यात वहिनींनी हाक मारली आणि ते गेले. माझा चेहरा बायकोला दिसू नये म्हणून मी उगाचच पार्किंगचं तिकीट शोधत राहिलो.

परतताना रस्ता मोकळा होता. बायको शेजारी बसून बाहेर बघत होती. मी रेडिओ बंद केला.

"का रे?" तिने विचारलं.

"असंच," मी म्हटलं आणि गाडी हळू केली.