तिसऱ्या नोझलखालचा वायसर

बायकोला वाटतं, त्या माणसावर माझा हात रागाच्या भरात उठला. गावालाही तेच वाटतं. राग होताच — पण कशाचा, हे अकरा वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी ते गिळलं. आज बोलायला लागलोय, तर मला मध्ये थांबवू नका.

नेरडीगोंड्याजवळ हायवेला लागून माझं गॅरेज आहे. मी तापट माणूस. पाने फेकलेत, एकदा जॅकचा दांडा घेऊन एका गिऱ्हाइकाच्या मागे धावलोय. लोक हसून म्हणत, मिस्त्रीचं डोकं गरम आहे पण हात सोन्याचा आहे. हे ऐकून ऐकून मी माजलो होतो. माझी चूक काढणारा माणूस मला शत्रू वाटायचा.

देवराव ड्रायव्हर होता. वांकिडीकडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, हळू बोलणारा. कापसाच्या एका शेठचा जुना ट्रक तो चौदा वर्षं चालवत होता. ट्रक धूर फेकतो म्हणून घेऊन आला. मी सिलिंडरात डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले, साफ केले, बसवले. धूर गेला — आणि गाडी मिसिंग मारायला लागली. सहातलं एक सिलिंडर मध्येच झोपायचं, मध्येच जागं व्हायचं. माल भरून घाट चढताना अशी झटके द्यायची की देवराव अर्ध्यातून परत आला.

तीन दिवस मी त्या इंजिनाशी झटलो. ते चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचा. चांगलं सिलिंडर असेल तर इंजिन लगेच मंदावतं, मेलेलं असेल तर फरक पडत नाही. इथे फरक कधी पडायचा, कधी नाही! पंप उतरवला, फिल्टर बदलले, टॅपेट लावले. आणि देवराव पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होता.

"मिस्त्री, तुमी नोझल बसवले तवापासून हे होऊन राह्यलं. तीन नंबरचा आवाज बरोबर नाही. तेवढा काढून पाहा ना."

चहावाल्यासमोर म्हणाला, चार ड्रायव्हरांसमोर म्हणाला. मी हसण्यावारी नेलं. आतून पेटलो होतो. स्टेरिंग धरणारा माणूस मला इंजिन शिकवणार?

आता इथे — इथेच मी नेहमी अडतो. आजवर स्वतःलाही असंच सांगत आलो की टाकीत भेसळ असावी असं मला खरंच वाटलं होतं. खोटं आहे ते.

चौथ्या दिवशी दुपारी देवराव जेवायला गेला, तेव्हा मी गुपचूप तीन नंबरचा नोझल काढला. प्रत्येक नोझलखाली तांब्याची एक पातळ चकती असते, वायसर. नवा आणायचा कंटाळा म्हणून आमच्याकडे जुनेच वायसर लाल होईपर्यंत तापवून, पाण्यात विझवून परत घालतात. मीही तेच केलं होतं. डब्यातला तापवलेला वायसर घातला — आणि आधीचा खाली काजळीला चिकटून राहिला होता, तो पाहिलाच नाही. एकावर एक दोन वायसर. नोझल वर उचलला गेलेला. देवरावने फक्त कानाने ओळखलं होतं.

मी एक वायसर खिशात टाकला, नोझल नीट बसवला. इतकंच करून थांबता आलं नसतं का मला? आलं असतं. पण शेठ निघालाय, असा फोन आला होता. टाकीत भेसळ नव्हती हे वासावरून कुणी ओळखू नये म्हणून मी टाकीतलं चांगलं डिझेल नालीत सोडलं, कॅनमधलं नवं भरलं. शेठ दोन माणसं घेऊन आला. मी म्हणालो, ड्रायव्हरने डिझेल विकून टाकीत घासलेट घातलं होतं, ते काढून मी चांगलं भरलंय.

देवराव तेवढ्यात आला. ऐकलं, केबिनमध्ये चढला, दार उघडंच ठेवून त्याने स्टेरिंगवर उजवा हात ठेवला. ड्रायव्हर लोकांत याच्याहून मोठी शपथ नाही.

"याच्यावर हात ठेवून सांगतो, शेठ, एक थेंब इकडचा तिकडं केला नाही. मिस्त्रीलेच इचारा, तीन नंबर पाह्यला काय?"

माझ्या हातात मोठा पाना होता. मी पायरीवर चढलो आणि त्या हातावर घातला. कडकन् आवाज आला. तो ओरडला, पण हात त्याने काढला नाही — म्हणून मी परत घातला. बोटं सोलून निघाली, चाकावर रक्त आलं. मग शेठच्या माणसांनी त्याला केस धरून खाली ओढला. लाथा घातल्या, तोंडावर, पोटात. एक दात चिखलात पडलेला मी पाहिला. मला बरं वाटत होतं — हेही सांगतो. तो मातीत वळवळत असताना मी किल्ली फिरवली. इंजिन एकसारखं चाललं. पाहा, मी म्हणालो. लोकांनी माना हलवल्या.

त्याची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. त्याला परत कुणी ट्रक दिला नाही. आता तो नार्नूरच्या बाजारात भाजी घेऊन बसतो, डाव्या हाताने तोलतो.

गेल्या बाजाराला त्यानेच मला हाक मारली. मेथी बांधता बांधता म्हणाला, "तवा तुमचा लई राग आला होता, मिस्त्री. पण तुमाले तरी काय मालूम. टाकीत कोनं काही टाकलं असन. माह्या कानालेच धोका झाला."

"झाला असन," मी म्हणालो, आणि जुडी घेतली.