आबांची तिथी

मयेकरकाकांवर मी लिहावं हा आगाऊपणा आहे, आधीच माफी मागतो. त्यांना चाळीस वर्षं ओळखणारी माणसं जर्सी सिटीत आहेत. मी दीड वर्षाचा पाहुणा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काकाही त्यांच्या घरातले पहिलेच, आणि दोघंही दापोलीकडचे. म्हणून दर रविवारी जेवायला बोलवायचे. दीड महिन्यापूर्वी एका गुरुवारी मी लॅबमध्ये असताना काकूंचा फोन आला, "अरे, काका गेले रे..."

काकांचे वडील, आबा, इंग्रजांच्या मालवाहू जहाजावर खलाशी होते. महायुद्धात त्यांचं जहाज मुंबईहून एकटंच निघालं आणि परत आलंच नाही. कंपनीच्या तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. दिवस कळला नाही, म्हणून तिथी नाही. आबांचं श्राद्ध कायम सर्वपित्री अमावास्येला. ही गोष्ट काकांना फार लागायची. संशय एका जर्मन पाणबुडीवर होता, पण तीही पुढे बुडाली, सगळ्या नोंदींसकट. तिच्यावरचा एकच खलाशी वाचला, कारण आजारी पडल्याने त्याला आधीच किनाऱ्यावर उतरवलं होतं. रिटायर झाल्यापासून काका त्या खलाशाची कागदपत्रं जमवत होते. सेवापुस्तिकेची प्रत, बढतीचं पत्र, हॉस्पिटलचा दाखला... सगळं एका निळ्या फाइलीत.

"सासऱ्यांचा एक फोटो नाही घरात," काकू म्हणायच्या, "आणि ह्या गोऱ्याच्या टायफॉइडचासुद्धा दाखला आहे!"

"अगं, टायफॉइड झाला म्हणून तर वाचला तो."

तो जर्मन खलाशी कधीच वारला होता. यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडावर काकांना त्याच्या मुलीचा पत्ता लागला. त्यांनी मराठीत पत्र लिहिलं आणि इंग्रजी करून ईमेल करायला मला दिलं. "सुरुवात 'ताईंस सप्रेम नमस्कार' अशीच कर."

"काका, जर्मन बाईला?"

"मग काय, 'हाय' म्हणू? बापाबद्दल विचारतोय मी."

भाषांतर मी त्याच दिवशी केलं. पण माझं इंग्रजी... कोणाला तरी दाखवून मग पाठवू, असं म्हणत तीन आठवडे गेले. काका गेले त्याच्या आधीच्या रविवारी काकूंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं. माझ्या ताटात आंबोळी वाढताना काकांनी विचारलं, "मेल केलास ना रे?"

मी "हो काका" म्हणालो.

"मग येईल उत्तर," असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे पाहिलं. खिळ्याला दोऱ्याने बांधलेली, तिथ्यांवर खुणा करायची पेन्सिल नेहमीसारखी लोंबत होती.

तेराव्यानंतर मी ती मेल पाठवली, एकही शब्द न बदलता. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मुलीने वडिलांच्या वहीचं एक पान पाठवलं होतं. त्यावर तारीख, आबांच्या जहाजाचं नाव आणि खाली जर्मनमध्ये दोन ओळी होत्या. तिने अर्थ दिला होता : 'पाण्यात माणसं होती. आम्ही थांबलो नाही.'

मी पंचांगात त्या तारखेची तिथी शोधली. मार्गशीर्ष वद्य पंचमी. मग काकूंकडे गेलो, त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. पेन्सिल अजून दोऱ्यालाच होती. मी पान मागे उलटलं. यंदाची मार्गशीर्ष वद्य पंचमी त्या आंबोळ्यांच्या रविवारीच होती.