शैलाताईचे बेदाण्याचे रोल

फोन आला तेव्हा आम्ही चर्चच्या मागच्या हॉलमध्ये न्याहारीला बसलो होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळची प्रार्थना झाली की आमची चर्चची मंडळी एकत्र खाते. कोणी पोहे आणतं, कोणी इडल्या, आणि शैलाताईचे बेदाण्याचे रोल ठरलेले. त्या दिवशी ते मी भाजून आणले होते. पलीकडून तिचे मिस्टर, सॅमभाऊ, एवढंच म्हणाले, "विजया, शैला गेली गं." मी सगळ्यांना सांगितलं तेव्हा कोणाच्या हातात अर्धा रोल होता, कोणाच्या तोंडात घास. खावा की खाली ठेवावा, कोणालाच कळेना... शेवटी प्रार्थना घेणाऱ्या पाळकसाहेबांनी आपला तुकडा ताटलीत ठेवला आणि डोळे मिटले.

शैलाताई मूळची नांदगावची. सॅमभाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, निवृत्तीनंतर दोघं नाशकात आमच्या शेजारी राहायला आली. लहानपणी नाताळच्या आधी तिची आई ट्रेमध्ये नानकटाई मांडून पावाच्या भट्टीवर पाठवायची आणि ट्रेच्या मागे ही जायची. तिथल्या वासाने तिला जे वेड लागलं ते कायमचं. शनिवारी दुपारी ती पीठ मळायला घ्यायची. फुगलं की लाटून त्यावर लोणी, साखर, दालचिनी आणि दिंडोरीकडच्या बागेतले बेदाणे पसरायची आणि वळकटी करून कापायची. मी घाई केली की म्हणायची, "पिठाला लय कळतं बघ. तू मनात चिडलीस तरी ते बसतं." न्याहारीला स्वतः मात्र शेवटी खायची. टेबलामागे उभी राहून प्रत्येकाचा पहिला घास बघत राहायची. दात नसलेल्या एका आजोबांचा रोल ती दुधात भिजवून वेगळा आणायची, आणि तो सगळ्यांच्या आधी त्यांच्यापुढे ठेवायची, त्यांना मागावं लागू नये म्हणून.

एकदा तिच्या वळकट्या सैल झाल्या, भाजताना उलगडल्या. ती हसली, म्हणाली वय झालं. मग डब्याचं झाकण उघडेना, पुढे पदराची पिन लावता येईना. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू हलवणाऱ्या नसाच मरत चालल्यात आणि यावर औषध नाही. हात आधी जातील, मग बोलणं, मग गिळणं... सगळं तसंच, त्याच क्रमाने झालं. त्या दिवशी डॉक्टरांकडून घरी आल्यावर तिने मला बोलावलं आणि ओट्याशी खुर्ची ओढून बसली. "आता हात तुझे. बाकीची मी आहे अजून," म्हणाली. तेव्हापासून मी मळायची आणि ती सांगायची. पाणी कमी कर, थांब, आता झाकून ठेव.

मंडळीत तिच्यासाठी रोज प्रार्थना व्हायची. कोणीतरी चांगल्या मनाने तिला म्हणालं, विश्वास पक्का असला की माणूस बरं होतं. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं. शब्द जड झाले होते, तरी नीट कळलं, "माझा विश्वास कमी पडला का गं?" मी नाही नाही म्हणत राहिले. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते तिच्याजवळ येऊन बसले आणि तिचा हात हातात धरून राहिले.

पुढे बोलणं थांबलं. हो म्हणजे एकदा डोळे मिटायचे, नाही म्हणजे दोनदा. अन्न नळीतून जात होतं. त्या न्याहारीच्या आदल्या शनिवारी मी तिच्याच ओव्हनमध्ये रोल भाजले आणि एक गरम रोल फोडून तिच्या नाकाजवळ नेला. झालाय ना नीट, असं विचारलं. तिने दोनदा डोळे मिटले. कच्चा राहिला? नाही. करपला? नाही. दालचिनी जास्त झाली? तेही नाही. सॅमभाऊही विचारू लागले, उशी दुखते का, पाणी हवं का, वास सोसत नाही का. ती नाहीच म्हणत राहिली, आणि आमचे प्रश्न संपले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं... आणि तिने डोळे मिटून घेतले, उघडलेच नाहीत. मी समजले, दमली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन.

तिला काय सांगायचं होतं ते आता कोण सांगणार? या महिन्यात मंडळीने रोल आणशील का म्हणून विचारलं. माझ्याकडे ओव्हन नाही, म्हणून सॅमभाऊंकडे गेले. ओट्याजवळची खुर्ची त्यांनी हलवलेली नव्हती, मीही तिला वळसा घालूनच वावरले. पीठ छान फुगलं. पहिला रोल त्यांना दिला. त्यांनी तो उभ्यानेच खाल्ला, सावकाश, शेवटपर्यंत. मी विचारलं, कसा झालाय.

"चांगला झालाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिचा नाही."

मी मान हलवली. ओव्हन बंद केला, तरी दोघांपैकी कोणीच स्वयंपाकघरातून हललं नाही. तो गार होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.