दुसरी सही

तामलवाडीहून व्यंकटरावांच्या पत्नी सुमनवहिनींचा फोन आला. “भाऊजी, सर गेले हो सकाळीच. तुमाला आधी कळवावं म्हनलं.” मला आधी… ती माझी योग्यता नव्हती.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवीत असे, व्यंकटराव तत्त्वज्ञान. अणदूरचा हा शेतकऱ्याचा मुलगा प्राचीन ग्रीकांविषयी असा बोले, की जणू ते शेजारच्याच आळीत राहतात. सुख म्हणजे मनाला बरे वाटणे नव्हे, ग्रीकांच्या मते ते आयुष्यभर नीट वागण्याचे नाव आहे, हे पहिल्याच तासाला सांगत. मग म्हणत, “धैर्य वाचून येत न्हाय रे. एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. भित्रेपणाचंबी तसंच हाय, बरं का!” मुले हसत. मीही हसे.

बारावीच्या परीक्षेत आम्ही दोघे एका वर्गावर पर्यवेक्षक होतो. संस्थेच्या सचिवांच्या पुतण्याच्या बाहीतून व्यंकटरावांनी चिठ्ठ्या काढल्या. अहवालावर दोघांच्या सह्या लागत. त्यांनी सही करून कागद माझ्याकडे सरकवला. माझ्या मुलीची नेमणूक त्याच संस्थेत व्हायची होती. मी म्हणालो, “माझं लक्ष दुसऱ्या रांगेकडं होतं.”

त्यांनी कागद परत घेतला. “बरं. तसंच सांगा मग.”

चिठ्ठ्या जमिनीवर पडलेल्या होत्या, असे चौकशीत ठरले. पुढच्या वर्षी तत्त्वज्ञान विषय बंद झाला. व्यंकटराव ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवीत निवृत्त झाले. चहाला मात्र मला हाक मारीत राहिले. एकदा मी तो विषय काढला, तर म्हणाले, “सर, ग्रीक मैत्रीचे तीन प्रकार सांगतात. उपयोगाची, मौजेची आन् चांगुलपणाची. आपली पहिल्या दोन्हींत बसती. चहा घ्या, निवायलाय.”

शोकसभेत त्याच सचिवांनी त्यांना संस्थेचे भूषण म्हटले. मला बोलायला उभे केले. मी त्यांच्या वक्तशीरपणावर पाच मिनिटे बोललो आणि खाली बसलो.

ग्रंथालयात खिडकीजवळ त्यांचे टेबल अजून आहे. डिंकाच्या बाटलीत ब्रश वाळून उभा आहे. त्या टेबलाशी बसून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी हे लिहीत आहे. बाहीतून चिठ्ठ्या निघताना मी पाहिल्या होत्या. आज हे लिहिण्याला कुणी धैर्य म्हणू नये. मी निवृत्त आहे, मुलगी नोकरीत कायम झाली आहे, आणि ज्यांना या एका वाक्याची गरज होती ते उरलेले नाहीत.

मुलगी दर रविवारी ही पुरवणी वाचते. तिला मी अजून काही सांगितलेले नाही.