येमूल सरांच्या पोटात न राहिलेला किडा

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी कॉलेजात गेलो, त्या दिवशी येमूल सर मला जिन्यात भेटले. मी त्यांना फक्त ऑफिस कुठे आहे एवढंच विचारलं होतं. उत्तरात मला कळलं की ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, प्राचार्यांना मूळव्याध झाल्यामुळे ते हल्ली उभ्यानंच सह्या करतात, विभागप्रमुख मॅडमचा जावई घरजावई व्हायला तयार नाही, आणि मला प्रवेश मिळालेला आहे. यादी दुसऱ्या दिवशी लागणार होती. "कुणाला सांगू नको बे," सर म्हणाले आणि माझ्यामागून जिना चढणाऱ्या मुलीला "तुझंपण झालंय गं" असं सांगून खाली उतरून गेले.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे. बुटके, गोल, खिशात कायम दोन फोन. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, वर्गात इंग्रजी आणि चिडले की तिन्ही एकदम. आता ते निवृत्त होऊन हैदराबादला लेकीकडे राहतात. तेव्हापासून आमच्या विभागात निकाल निकालाच्याच दिवशी कळतो.

मी सांगोल्याकडच्या एका खेड्यातला. घरी मेंढरं. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिलाच, त्यामुळे कुणाला काही विचारायचं म्हटलं की तीनदा दारापर्यंत जाऊन परत यायचो. सरांपाशी ती अडचण नव्हती. विचारायच्या आधीच ते सांगून मोकळे व्हायचे.

या स्वभावापायी सरांनी बरंच सोसलं होतं. विभागप्रमुख मॅडम आपलं संशोधन लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवत आणि सर आले की बोलणं पावसापाण्यावर नेत. स्टाफरूममध्ये सरांना 'आकाशवाणी' म्हणत. मग कधीतरी एका कार्यशाळेत पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं की जगात आता बरेच शास्त्रज्ञ आपली निरीक्षणं, आपले प्रोग्रॅम, इतकंच काय, आपल्या फसलेल्या गोष्टीसुद्धा इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघड्या ठेवतात. कुणीही बघावं, वापरावं, चूक काढावी. यानं विज्ञान लवकर पुढं जातं. सर मागच्या रांगेतून उभे राहिले म्हणे. "म्हंजे ह्याला नाव हाय होय? आमच्या हितं ह्याला चुगली म्हणतात की!"

त्या दिवसापासून सरांचं आयुष्य बदललं.

किड्यांचे आवाज ओळखणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरची माणसं आपापल्या वेळात ते फुकट घडवतात, त्याची आतली सगळी जुळणी उघडी असते आणि काही बिघडलं तर कुणीही तिथल्या पानावर लिहायचं. सरांनी तिथं पहिली तक्रार लिहिली ती अशी: "आदरणीय बंधू, आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल. विषय : बटण चालत नाही. आपण जेवलात का?" हे सगळं इंग्रजीत, पण मजकूर असाच. चिली देशातल्या दिएगो नावाच्या मुलानं बटण दुरुस्त केलं आणि खाली लिहिलं की हो, जेवलो, घेवड्याची उसळ होती. सर दिवसभर सगळ्यांना सांगत होते, "आमच्या दिगूनं आज उसळ खाल्ली." दिएगोचा दिगू तेव्हाच झाला. पुढे त्या पानावर सरांचा एकही मजकूर जेवणाची चौकशी केल्याशिवाय संपला नाही. हळूहळू तिथली बाकीची मंडळीही एकमेकांना विचारायला लागली.

माझा प्रकल्प रातकिड्यांच्या आवाजावर होता. आवाज टिपणारं यंत्र हॉस्टेलवर ठेवायला वॉर्डननं नकार दिला, म्हणून ते सरांच्या परसातल्या शेवग्याला बांधलं. मी रोज जाऊन त्यातलं कार्ड बदलायचो, काकू मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायच्या, आणि मग सर आणि मी ते आवाज सॉफ्टवेअरला खायला घालायचो. आधी मोटारी, माणसं, कुत्री असले खालच्या पट्टीतले आवाज काढून टाकायचे. वरचे बारीक उरतात, त्यात किडे सापडतात.

एका दुपारी पडद्यावर सारख्या अंतरानं उभ्या रेघांची रांगच्या रांग आली. कानाला लावून ऐकलं तर टिक् टिक् टिक् टिक्, न थांबता. सॉफ्टवेअरनं आपल्याकडच्या सगळ्या आवाजांशी ताडून पाहिलं आणि उत्तर दिलं : अनोळखी.

"अनोळखी म्हंजे काय बे?" सर म्हणाले. "अनोळखी म्हंजे नवीन!"

मला वाटलं, अनोळखी म्हणजे अनोळखी. पण मी हे बोललो नाही. आणि बोललो असतो तरी उशीरच झाला असता, कारण सरांच्या दोन्ही फोनवर तोवर दोन माणसं होती. संध्याकाळपर्यंत कॉलेजला कळलं, रात्रीपर्यंत गावाला. सरांनी माझ्या वडिलांना, आण्णांना, फोन करून सांगितलं की तुमच्या पोरानं जगात नसलेला किडा शोधला. गावच्या मित्रमंडळानं चौकात फ्लेक्स लावला : 'कीटकसम्राट'. माझ्या फोटोशेजारी झुरळाचा फोटो होता, छापणाऱ्याला रातकिडा सापडला नव्हता.

सरांनी सगळी रेकॉर्डिंगं त्या पानावर टाकली. पुण्याच्या एका संस्थेनं ती ऐकली आणि मला संशोधन साहाय्यकाच्या मुलाखतीला बोलावलं. येत्या सोमवारी. ही नोकरी मिळाली नाही तर माझ्यापुढं दुसरं काही नव्हतं. पुढचं शिकणं तिथेच राहणार होतं आणि मी आण्णांबरोबर मेंढरांमागे. त्याची मला लाज नाही. पण मला किड्यांमागे जायचं होतं.

दिगूच्या मात्र शंका सुरू झाल्या. त्यानं विचारलं, हा किडा रात्रंदिवस कसा गातो? सरांनी लिहिलं, "सोलापूरचा आहे. कष्टाळू आहे." त्यानं विचारलं, रोज दुपारी ठरावीक वेळी अर्धा तास गप्प का असतो? सरांनी लिहिलं, "जेवत असेल." मग त्यानं विचारलं, आठवड्यातून एक अख्खा दिवस आवाजच नाही, असं का? सर बराच वेळ विचार करत बसले आणि त्यांनी लिहिलं, "उपवास."

शेवटी दिगूनं एकच ओळ लिहिली : तुमच्याकडे वीज जाते तेव्हा तो काय करतो?

सोलापुरात या प्रयोगाला फार थांबावं लागत नाही. गुरुवारी भर दुपारी आम्ही दोघं शेवग्याखाली बसलो, यंत्र लॅपटॉपला जोडलेलं. वीज गेली. घरातला पंखा थांबला, शेजारचा टीव्ही थांबला आणि किडाही थांबला. थोड्या वेळानं वीज आली. पंखा सुरू झाला, टीव्ही सुरू झाला, किडा सुरू झाला.

"अय्यो," सर म्हणाले.

परसाच्या भिंतीपलीकडे सरांच्या थोरल्या भावाची, अन्नांची शेड आहे. तिथे टॉवेलचे यंत्रमाग चालतात. सर त्या आवाजातच जन्मले, त्यातच झोपले, त्यातच अभ्यास करून प्राध्यापक झाले. तो आवाज त्यांना ऐकूच येत नसे. मला येत होता, पण सगळ्या गल्लीलाच तो आवाज होता, तो ऐकायचा असतो असं मला सुचलं नाही. मागाचा जाड खटका आम्ही खालच्या पट्टीबरोबर काढून टाकला होता. वर राहिली ती टिक् टिक्.

मी लॅपटॉप मिटला. मग कसंबसं म्हणालो, "सर, हे सोमवारपर्यंत नाही सांगितलं तर चालेल का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं बरोबर हाय बे," ते म्हणाले. "न्हाई सांगत. शप्पथ." आणि त्यांनी दोन्ही फोन बंद केले. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सर कॉलेजात मागच्या जिन्यानं आले. कँटीनला गेले नाहीत. शिपायानं सहज विचारलं, "सर, किडा काय म्हणतोय?" तर सर "बराय" एवढंच म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. तासाला शिकवताना मध्येच थांबून तोंडावर रुमाल धरायचे. मधल्या सुट्टीत स्वतः विभागप्रमुख मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "येमूल सरांना डॉक्टरकडे न्या. सकाळपासून त्यांनी मला काहीच सांगितलेलं नाही."

शनिवारी सकाळी काकूंचा फोन. "काय झालंय रे तुमच्या सरांना? जेवण जाईना. रात्रभर पोट धरून बसलेत. मी विचारलं तर म्हणायलेत, सोमवारी सांगतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी केलं न्हाई!"

मी ते पान उघडलं. वाटलं, दिगू वीज जाण्याबद्दल पुन्हा विचारत असेल. त्यानं लिहिलं होतं : "प्राध्यापक आजारी आहेत का? दोन दिवस झाले, त्यांनी मला जेवलास का विचारलेलं नाही."

मी सायकल काढली.

सर परसात शेवग्याखाली बसले होते. पलीकडे माग चालू होते. मी म्हणालो, "सर, सांगून टाका."

"आणि तुझी मुलाखत?"

"सांगून टाका सर."

"नक्की बे?" सरांचा चेहरा एकदम उजळला, पण मग त्यांनी स्वतःला आवरलं. लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "तूच लिही. मी लिहिलं की तिखटमीठ पडतंय."

मी लिहिलं. इंग्रजीत असं जगासमोर लिहायची माझी पहिलीच वेळ. आमचा किडा हा किडा नाही, टॉवेलचा माग आहे, वीज गेल्यावर थांबतो, रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे, अडचणीबद्दल क्षमस्व. सरांनी मागून वाकून वाचलं आणि खाली एकच ओळ वाढवायला लावली : दिगू, जेवलास का? मग ते आत गेले आणि काकूंना हाक मारून त्यांनी चार भाकरी खाल्ल्या.

त्या पानावर कुणी हसलं नाही म्हणणं खोटं होईल. हसले. पण लगेच बाकीचेही आपापले अनोळखी प्राणी तपासायला बसले. एकाचा बेडूक पाण्याचा पंप निघाला. एका बाईंचं वटवाघूळ त्यांच्याच फ्रीजमध्ये होतं, म्हणजे फ्रीजच होता. दिगूनं आमचा माग सॉफ्टवेअरच्या ओळखीच्या आवाजांत घातला, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत व्हायची नाही. जगातल्या कुठल्याही रानात टिक् टिक् आली तर सॉफ्टवेअर आता विचारतं : सोलापूर?

सोलापुरात मात्र बातमी सरांच्या तोंडून गेली आणि वाटेत जरा बदलली. रविवारी अन्ना तावातावानं परसात आले. "कुणाला काय सांगितलंस रे? व्यापारी फोन करून विचारायलेत, तुमच्या टॉवेलाला कीड लागलीय म्हणं!" सर समजावायला गेले, "अन्ना, कीड न्हाई, किडा. आणि किडा न्हाईच." अन्ना म्हणाले, "मग सांगायलास कशाला?"

मी आण्णांना फोन केला. म्हटलं, "आण्णा, किडा न्हवता. माग हुता." ते म्हणाले, "मग त्या फ्लेक्साचं काय करायचं?" दुसऱ्या दिवशी तो मेंढरांच्या शेडवर गेला. माझ्या तोंडाकडची बाजू खाली आहे, मेंढरांना दिसते.

सोमवारी मुलाखतीला तिघं होते. मधल्या मॅडमनी ते पान समोर उघडूनच ठेवलं होतं. "ही चूक तुम्ही शनिवारी जाहीर केलीत," त्या म्हणाल्या. "आज सोमवार. दोन दिवस थांबावंसं वाटलं नाही?"

"वाटलं मॅडम."

"मग का नाही थांबलात?"

मी एसटीत टेंभुर्णीपासून पुण्यापर्यंत याचं उत्तर पाठ केलं होतं. इंग्रजीत होतं, त्यात 'पारदर्शकता' हा शब्द दोनदा होता. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हणालो, "सरांच्या पोटात दुखत होतं."

कोपऱ्यातले गृहस्थ हळूच म्हणाले, "अपेंडिक्स?" तेव्हा मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मागच्या जिन्यापासून चार भाकऱ्यांपर्यंत, मराठीतच. मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तो माग बंद असायचा, त्या सुट्टीच्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकू येतं?"

"ते अजून ऐकलंच नाही मॅडम. आवाज नाही म्हणून सोडून दिलं."

"इथे येऊन ऐका," त्या म्हणाल्या. "पहिल्या तारखेपासून."

बाहेर येऊन फोन पाहिला तर सरांचे अकरा कॉल येऊन गेले होते. लावला. "झालं सर," मी म्हणालो. "पण अजून कुणाला सांगू नका हां. आधी घरी सांगतो."

"मी कशाला सांगू बे!" सर म्हणाले आणि फोन कट झाला.

मी रस्ता ओलांडून एका झाडाच्या सावलीत गेलो आणि घरी लावला. आण्णांचा फोन बिझी होता. पुन्हा लावला, बिझी. तिसऱ्यांदा आण्णांनी उचलला.

"आण्णा, मला—"

"कळलं की," आण्णा म्हणाले. "तुज्या सरांचा फोन आलता. लई रडायलते. मला आदी वाटलं, नापास झालास."