एप्सिलॉन किती दिलाय?

सुवर्णा मखमलाबादची. घरचा मळा पालेभाजीचा. आई विमलाबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बाजारात बसत. १९९८ साली बारावीच्या गणितात सुवर्णाला सत्त्याण्णव गुण मिळाले आणि मळ्यात तिचे नाव 'गणितवाली' पडले. ते गुण तिने कष्टाने मिळवले होते. पण क्लासमध्ये तिला जे शिकवले गेले ते एवढेच: उदाहरण कोणत्या 'टाईप'चे ते ओळखायचे, दिलेले काय आहे ते लिहायचे, आणि ठरलेल्या पायऱ्या मांडायच्या. दिलेले कुणी दिले, हा प्रश्न पडण्याचे तिला कधी कारण नव्हते.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर लिहिले: एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या दिलेली आहे. सुवर्णाने हात वर केला.

"सर, किती दिलाय?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून मनीषा म्हणाली, "आईला विचार ना, आज एप्सिलॉन काय भाव गेला ते."

सरांनी हसणाऱ्यांना दटावले. तेवढ्यात तास संपला आणि उत्तर राहून गेले.

हसली नाही ती एकटी पल्लवी. पेठ तालुक्यातल्या कोकणा आदिवासी कुटुंबातली ही मुलगी सरकारी वसतिगृहात राहत होती. बारावीच्या गणितात तिला एकसष्ट गुण होते, ही माहिती सुवर्णाने मुद्दाम काढली होती. पल्लवी वर्गात बिनदिक्कत चुके. "सर, नाय कळलं, परत सांगा," असे ती एकाच तासात पुन्हा पुन्हा म्हणे. आणि मग कधीतरी तिच्या एखाद्या प्रश्नावर सर खडू खाली ठेवून विचार करू लागत. सुवर्णासाठी आजवर कोणत्याही शिक्षकाने खडू खाली ठेवला नव्हता.

त्या खाली ठेवलेल्या खडूने तिची झोप उडवली. "यांचं बरं असतं, सवलती असतात," असे ती एकदा मनीषाजवळ बोलली. जी आपल्याला हसली तिनेच मान डोलावली याचे तिला समाधान वाटले, आणि त्या समाधानाची लाज पुढे बराच काळ वाटली नाही.

हळूहळू ती गणिताचे तास चुकवू लागली. दुसऱ्या वर्षी गणित सोडून रसायनशास्त्र धरायचे, असे तिने जवळजवळ ठरवले. अशा विद्यार्थ्याला विषयाची गोडी उरली नाही, असे आपण सहज म्हणतो. सुवर्णाची गोडी संपली नव्हती. आपली म्हणून जपलेली गोष्ट दुसरीच्या हाती अधिक शोभते आहे, हे तिला पाहवत नव्हते. पल्लवी एकदा आपणहून म्हणाली, "चल, एप्सिलॉनचं सांगते तुला." सुवर्णाने उत्तर दिले, "येतं मला." न समजणे तिला परवडत होते, पल्लवीकडून समजून घेणे परवडत नव्हते.

सरांनी सरावाच्या तासाला नेमकी या दोघींची जोडी लावली. एक्सची तिप्पट अधिक एक, ही राशी घेतली होती. एक्स दोनच्या जवळ गेला की तिची किंमत सातच्या जवळ जाते. सातपासून किती अंतर चालेल ते पल्लवीने सांगायचे. त्यासाठी दोनच्या किती जवळ राहावे लागेल ते सुवर्णाने.

"शून्य पूर्णांक तीन," पल्लवी म्हणाली.

"शून्य पूर्णांक एक."

"शून्य पूर्णांक शून्य तीन."

"शून्य पूर्णांक शून्य एक. पुढे?"

"अजून बारीक देऊ?"

"दे की."

पल्लवी संख्या बारीक करत गेली. सुवर्णा प्रत्येक वेळी तोंडावर फेकल्यासारखे उत्तर देत गेली.

"आज हरायचं नाय वाटतं," पल्लवी हसून म्हणाली.

"तू दे गं. कितीही दे. मी त्याचा तिसरा हिस्सा घेईन."

बोलून झाल्यावर सुवर्णा थबकली. कितीही. त्या दिवशी फळ्यावर 'कोणतीही' म्हणून तेच लिहिलेले होते. एप्सिलॉन म्हणजे पल्लवी सांगत होती तेच अंतर; तो पुस्तकाने दिलेला नव्हता, म्हणून तो किती हे कुठेच सापडत नव्हते. तो समोरच्याने द्यायचा होता, आणि त्याने तो देण्याआधी आपले उत्तर तयार असायला हवे होते.

बाकापाशी येऊन थांबलेल्या सरांनी खडू तिच्यापुढे धरला. "हेच फळ्यावर मांड."

सुवर्णाने मांडले. सिद्धता बिनचूक होती; पण पहिली ओळ लिहिताना, हा एप्सिलॉन आपल्याला कुणी दिला, ते तिला माहीत होते. जागेवर परतताना तिने पल्लवीकडे पाहिले नाही.

मत्सर ही विद्येची प्रतिष्ठित प्रेरणा नव्हे. सुवर्णाला मात्र त्या वर्षी दुसरी कोणतीही प्रेरणा उरलेली नव्हती.

विषय निवडायच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"गणित सोडतीस म्हनं?" विमलाबाईंनी विचारले.

"नाय सोडत."

"का गं? आवडाय लागलं व्हय परत?"

सुवर्णाने जुडीची गाठ गरजेपेक्षा घट्ट आवळली. "तिनंबी घेतलंय."

"कुनी?"

"हाय एक," ती म्हणाली. "वर्गातली."