पट्टीमास्तर आणि ताईची टाच

माझ्या ताईचे यजमान म्हणजे माझे भाऊजी, आणि अख्खी गल्ली त्यांना पट्टीमास्तर म्हणते. शाळेत शिकवायचे म्हणून नव्हे. मोठ्या इस्पितळात ड्रेसर होते. जखम धुवायची, औषध लावायचं, पट्टी बांधायची, यात उभा जन्म गेला. माणूस निवृत्त झाला, हात काही झाले नाहीत. रस्त्यात कुणाचं बोट कापलेलं दिसलं की त्याला धरून पायरीवर बसवणार, खिशातून कापूस काढणार, आणि तो बिचारा "अहो, माझी बस चाललीय" म्हणेपर्यंत पट्टी बांधून मोकळे! घरात छत्रीच्या मोडक्या काडीला पट्टी, खुर्चीच्या पायाला पट्टी. एकदा मी गंमत म्हणून म्हटलं, "भाऊजी, भिंतीलाही तडा गेलाय हो." तर हा माणूस खरंच चष्मा लावून बघायला गेला.

त्यांचा सगळ्यात जास्त जीव त्या तपकिरी बाटलीवर. प्रत्येक दवाखान्यात असतं ना, जखमेवर लावायचं तपकिरी, कपड्यांना डाग पाडणारं औषध, तेच. भाऊजींच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानं कायमची पिवळट झालीत. कुठं काही झालं की बाटली हजर, आणि घसा खवखवला की त्याच औषधाच्या गुळण्या. ताई म्हणायची, "देवानं मला नवरा दिला, त्याच्याबरोबर ही तपकिरी सवत फुकट दिली."

आता थोडं माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका संशोधन संस्थेत काम करते, प्रयोगशाळेत पेशी वाढवते. आपल्या गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते. तिच्या पेशींना आयोडीन लागतं आणि ते ओढून आत घ्यायला त्यांच्या अंगावर दारं असतात, प्रथिनांची. म्हणून तर थायरॉईडच्या कॅन्सरवर एक नामी उपाय आहे: किरणं सोडणारं आयोडीन गोळीतून द्यायचं. ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या पेशी ते आपणहून आत घेतात आणि त्यातच मरतात. पण काही कॅन्सरच्या पेशी महालबाड. दार तयार करतात, पण चौकटीत बसवतच नाहीत, आत भिंतीला टेकवून ठेवतात. मग गोळी आली तशी लघवीवाटे निघून जाते. ती दारं परत जागेवर कशी आणायची, यावर आमच्याकडे काम चालतं. पेशींना नाना औषधं द्यायची आणि किती आयोडीन आत गेलं ते यंत्रावर मोजायचं. बहुतेक वेळा आकडा हलत नाही आणि आम्ही तोंडं पाडून चहाला जातो.

आणि दुखणं आलं ते नेमकं ताईलाच, नेमकं गळ्यातच. ग्रंथी काढली. सगळं बरं चाललंय असं वाटत होतं, तर काही महिन्यांनी मानेत दोन बारक्या गाठी दिसल्या, रक्तातही कॅन्सरची खूण सापडली. डॉक्टरीणबाई शांत, नीट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आधी थोडंसं आयोडीन देऊन फोटो काढू. गाठींनी ते घेतलं तर मोठी गोळी देता येईल. नाही घेतलं, तर मात्र वाट अवघड आहे." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. वाट किती अवघड ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अस्सा राग आला म्हणून सांगू!

फोटोआधी शरीर आयोडीनसाठी भुकेलं करावं लागतं. म्हणजे थायरॉईडची रोजची गोळी काही आठवडे बंद, आणि शेवटी शेवटी खाण्यातही आयोडीन नको. गोळी थांबली तशी ताई मंदावली. भरदुपारी दोन शाली पांघरून बसायची, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. कातडी कोरडी ठाक पडली आणि टाचांना अशा भेगा गेल्या की बाई चवड्यांवर चालायला लागली.

खाण्याची सूत्रं भाऊजींनी हातात घेतली. आयोडीनचं मीठ हद्दपार, साधं मीठ शोधून आणलं. दूध, अंडी, मासे, बेकरीचं सगळं बंद. स्वतःही तेच खायचे. शेजारीण प्रेमानं खीर घेऊन आली, तर दारातूनच परत. मी म्हटलं, "अहो, निदान आभार तरी मानायचे." तर म्हणाले, "मानले की! खिरीला आत येऊ दिलं नाही एवढंच." डोळ्यांत तेल घालून पहारा चालला होता.

आणि एवढं करून फोटो आला तो कोरा. गाठी होत्या तिथंच होत्या, पण त्यांनी आयोडीनला हातही लावला नव्हता.  परत येताना ताई गाडीत म्हणाली, "तुझ्या प्रयोगशाळेतल्या पेशींसारख्याच निघाल्या गं माझ्या." मी खिडकीकडे तोंड करून रडले.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. त्यांनी खात्री करायला लघवीतलं आयोडीन तपासलं होतं आणि ते नको तितकं निघालं होतं. "घरात कुठून तरी आयोडीन पोटात जातंय," त्या म्हणाल्या. "त्या गर्दीत आमच्या आयोडीनला जागाच मिळाली नसेल. कुठून जातंय ते शोधा. तोवर फोटोवरून मी काहीच ठरवणार नाही."

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी तडक ताईकडे गेले आणि चपला काढता काढताच सुरू झाले. "भाऊजी, खरं सांगा, हिला चोरून काय खायला घातलंत?" कारण हा माणूस मऊ, हे मला माहीत. बायकोनं ताट सरकवलेलं यांना बघवत नाही. कधीतरी पाझर फुटला असेल आणि बिस्किट दिलं असेल, असंच माझ्या मनात.

भाऊजींचा चेहरा पार उतरला. "मी? मी घातलं?"

"मग काय आयोडीन वाऱ्यावरून आलं?"

"अगं, तोंड आवर," ताई शालीतून ओरडली, ओरडली म्हणजे तिला जमेल तेवढं. "तेही माझ्याबरोबर तेच खातायत."

मी ऐकतेय कुठली! डबे उघडले, मिठाची पिशवी उलटीपालटी केली, फळीवरची बाटली न् बाटली हुंगली. स्वयंपाकघरात काही म्हणता काही सापडेना. भाऊजी उठले, कोमट पाण्याचं घमेलं आणलं, ताईच्या पायाशी खाली बसले.

"अहो, आज राहू द्या," ताई म्हणाली.

"भांडण वेगळं, टाच वेगळी," ते म्हणाले. नाक लाल झालं होतं, पण पाय धुताना हात तस्सा हलका. भेगा पुसल्या, कापसाचा बोळा केला, घमेल्याजवळची बाटली उचलली, झाकण फिरवलं. आणि मग हात तिथंच थांबला.

 तपकिरी वास माझ्या नाकात शिरला. आमच्या प्रयोगशाळेत हे औषध आत आणायला बंदी आहे, कारण त्यात आयोडीन आहे, आणि इतका वेळ ते माझ्या समोर टाचेजवळ बसलं होतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"हे कातडीतून आत जातं का गं?" भाऊजींनी विचारलं. 

"धड कातडीतून थोडं. इतक्या खोल भेगांतून बरंच."

"आणि गुळण्या? थंडी बाधते म्हणून रोज देत होतो मी तिला."

"त्यातूनही जातं, भाऊजी."

"मला वाटलं, पोटातलं आयोडीन वेगळं आणि पायाचं वेगळं." त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली. "मीठ बंद केलं, दूध बंद केलं, आणि हे... माझ्याच हातानं..."  आयुष्यभर लोकांचे हंबरडे ऐकलेला माणूस, ताईच्या ओल्या पायावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला.

आणि मला हसू फुटलं. हो, हसू! रडत रडत हसत होते मी. ताई म्हणाली, "हिला काय झालं आता?"

"अगं ताई, अहो भाऊजी, कळत कसं नाही तुम्हाला? पेशी लबाड आहेत असं आता कोण म्हणेल? त्यांचं पोट भरलं होतं हो! भरल्या पोटी कोण जेवतं? दारं असतील अजून. कदाचित असतील."

"कदाचित," भाऊजी म्हणाले. डोकं वर केलं, पण चेहऱ्यापर्यंत माझा आनंद काही पोचला नव्हता.

मग सगळं पहिल्यापासून. ताईची रोजची गोळी सुरू, अंगातलं आयोडीन ओसरायला दोन महिने वाट, परत गोळी बंद, परत शाली, परत भेगा. या खेपेला भाऊजींनी बाटली शेजारणीकडे ठेवायला दिली. टाचांना साधं व्हॅसलीन लावायचे आणि असं तोंड करायचे, जसं कुणी त्यांना खोटी सही करायला लावतंय. "याला काय औषध म्हणतात?" रोज तेच वाक्य. लावताना मात्र फुंकर घालायचे.

दुसऱ्या फोटोच्या दिवशी ते खोलीत आलेच नाहीत. बाहेर बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, जणू हातांचाच भरवसा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. ताईच्या मानेत दोन काळे ठिपके, ठसठशीत. मी रोज यंत्रासमोर बसून ज्याची वाट बघते, ते माझ्या बहिणीच्या गळ्यात दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर धावले आणि म्हटलं, "भाऊजी, घेतलं! दोन्ही गाठींनी घेतलं!" ते उठले, मला नमस्कार केला, समोरून जाणाऱ्या झाडूवाल्याला नमस्कार केला आणि परत खाली बसले.

मोठी गोळी दिल्यावर ताईच्या अंगातून किरणं निघणार, म्हणून तिला काही दिवस एकटं ठेवलं. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. दाराला जाड काच होती. पट्टीमास्तर रोज काचेपाशी उभे. पहिल्या दिवशी ताईला काही सुचेना, आतून नुसती बघत राहिली. मग पलंगावर टेकली, दोन्ही मोजे काढले आणि एक पाय उचलून टाच काचेकडे केली.

भाऊजींनी चष्मा पुसला, वाकले, बराच वेळ पाहिलं. बोट काचेवर टाचेच्या जागी टेकवलं.

"भरत आलीय," मला म्हणाले. "पण दुसऱ्या पायाची पट्टी बघ, किती सैल बांधलीय हिनं." आणि खिशातल्या कापसानं डोळे पुसले.